पिल्लाचं चावणं: आधी जोर, मग दात

कुत्र्याचं आठ आठवड्यांचं पिल्लू चावतं ते रागाने नव्हे. वस्तू हाताळायला त्याच्याकडे तोंडच असतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटून खेळ सोडतं, आणि आपल्या जबड्याचा जोर पिल्लाला तिथे कळतो. त्याआधीच आईपासून तोडलेलं पिल्लू जास्त कडकडून चावतं ते त्यामुळेच. राहिलेला धडा घरच्यांनी द्यायचा. आधी जोर कमी करायचा, दात लावणं बंद ते नंतर.

पहिले दोन-तीन आठवडे हलका दात चालवून घ्या. दुखलं की हात झटकून ओढू नका, पळणाऱ्या हातामागे ते आणखी झेपावतं. हात सैल सोडा, एकदाच ‘बस्स’ म्हणा आणि लगेच उठा. सोप्यावरच्या खांबाला चार-पाच फुटांची दोरी बांधून ती हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवली असेल तर दोरीच्या पल्ल्याबाहेर जाऊन वीस-तीस सेकंद पाठ फिरवून उभं राहता येतं. मग परत खेळ. पाच मिनिटं कोंडलं तर कशासाठी, हे त्याला उमगतच नाही. (बांधून एकटं मात्र ठेवू नका.) भावंडासारखं आपण केकाटण्याचा उपाय काही पिल्लांना उलट चेव आणतो, तसं दिसलं तर सोडून द्या.

पुढे दर आठवड्याला थोड्या कमी जोरालाही खेळ थांबवत जा. साडेचार महिन्यांपर्यंत कातडीला दात लागणं बंद व्हायला हवं.

नाकावर चापट मारली, तोंड दाबून धरलं, तर पिल्लू हाताला घाबरायला लागतं. पण खरा घोटाळा घरातलाच एखादा माणूस करतो: बाकीचे खेळ थांबवतात आणि हा हातानेच कुस्ती खेळतो. मुलांच्या हाती दीड फुटाचं दोरीचं खेळणं द्या, म्हणजे दात बोटांपासून लांब राहतात.

संध्याकाळी पिसाटल्यासारखं चावत सुटलं तर बहुधा झोप अपुरी असते. या वयात दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. शांत कोपऱ्यात नेऊन निजवा.

चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के येतात, हिरड्या शिवशिवतात. पिळून दोन-तीन तास फ्रीजरमध्ये ठेवलेला ओला नॅपकिन किंवा गार जाड गाजर समोर बसून द्या. नारळाचं सोडण देऊ नका, काथ्या आतड्यात अडकतो. करवंटीचे आणि शिजलेल्या हाडांचे तुकडे टोचतात. ताटातला माशाचा काटाही नको.

त्याचं जेवणाचं वाडगं जवळ घेतल्यावर अंग ताठरतं, नजर रोखून गुरगुरतं, तर हा खेळ नव्हे, पशुवैद्याला दाखवा.

कातडी फाटली तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला असला तरी रस्त्यावरून उचललेल्या, लस न झालेल्या पिल्लाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी देतात.