ऑइल बाथ एअर क्लीनर कसा साफ करावा

कागदी फिल्टर सर्रास होण्याआधी फोक्सवॅगन बीटल, जुन्या जीप, सुरुवातीच्या लँड रोव्हर अशा कितीतरी गाड्यांच्या इंजिनात जाणारी हवा तेलाच्या भांड्यातून गाळली जायची. हाच ऑइल बाथ एअर क्लीनर. हवा आत शिरते, तेलाच्या पृष्ठभागापर्यंत खाली जाते आणि तिथून एकदम वळून वर येते. जड धुळीला ते वळण घेता येत नाही, ती तेलात पडते. बारीक धूळ वरच्या तेलकट जाळीत अडकते आणि ठिबकणाऱ्या तेलाबरोबर परत भांड्यात उतरते. म्हणजे इथे खरा फिल्टर तेलच आहे.

गाडी सपाट जागी लावा. इंजिन बंद करून निदान तासभर थांबा, जाळीतलं तेल खाली निथळू द्या. मग होज पाइप सोडवा, क्लॅम्प सैल करा आणि क्लीनर आडवा न होऊ देता उचला. तो तिरका झाला तर घाण तेल थेट स्वच्छ हवेच्या वाटेत जातं. कार्ब्युरेटरचं (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं) तोंड लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने झाका.

आता वरचा भाग काढून बाजूला ठेवा, तोही सुलटाच. भांड्यात लाकडी काडी बुडवून तळाशी किती गाळ आहे ते बघा. गाळ चढला की तेवढीच तेलाची जागा कमी होते, म्हणून तेल वरून स्वच्छ दिसलं तरी भुलू नका. सगळं तेल एका डब्यात ओता (ते गटारात किंवा मातीत टाकू नका, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या) आणि भांडं रॉकेलने घासून पुसून कोरडं करा. पेट्रोल वापरू नका, त्याच्या वाफा पेट घेतात.

जाळीचं काय करायचं हे तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. सुटी निघणारी जाळी रॉकेलमध्ये खळबळून पूर्ण निथळू द्यावी. बीटलसारख्या गाड्यांत ती वरच्या भागातच बसवलेली असते, तिला सहसा हात लावावा लागत नाही.

तेल भरताना घाई नको. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं नवं तेल, बहुधा इंजिनात घालतो तेच, भांड्यावरच्या खुणेपर्यंत भरा. खूण म्हणजे रेघ, बाण किंवा पत्र्यातली उठावदार कड. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते आणि पिस्टन रिंगा, सिलिंडर झिजवते. जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं, धूर सोडतं. डिझेल इंजिन तर त्या तेलावर बेफाम पळू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. म्हणून खुणेच्या वर 'थोडंसं जास्त' कधीच घालू नये.

जोडताना गॅस्केट (सांध्यात हवाबंद बसणारी चकती) आणि होज पाइप बोटाने दाबून पाहा. चिरलेले, कडक झालेले असतील तर बदला. तेल कितीही ताजं असलं तरी अशा फटीतून न गाळलेली हवा आत जाते. क्लॅम्प घट्ट केल्यावर इंजिन सुरू करून सांध्यांजवळ कान द्या, शीळ ऐकू आली तर हवा बाहेरून ओढली जात आहे.

डांबरी रस्त्यावर किती किलोमीटरनंतर सफाई करायची याचं पुस्तिकेतलं अंतर पाळलं तरी चालतं. मातीच्या वाटेवर मात्र रोज झाकण उघडून बघावं लागतं.