टॅरांटुलाच्या पिल्लासाठी डबा निवडताना या चुका टाळा

टॅरांटुला म्हणजे मोठा, केसाळ कोळी. त्याचं पिल्लू पाळायला घरी येण्याआधीच बरेच जण काचेची छानशी टाकी घेऊन ठेवतात. दीड फूट लांबी, आत कोकोपीट, लाकडाचा ओंडका, एखादी प्लॅस्टिकची वेल, आणि त्यात सोडायचा जीव करंगळीच्या नखाएवढा. पुढे मोठी टाकी लागणारच आहे, मग आत्ताच घेऊन टाकू, हा विचार वरवर शहाणपणाचा वाटतो. टॅरांटुलाच्या बाबतीत तो पिल्लाच्या जिवावर बेतू शकतो. डब्याचं माप पिल्लू आज केवढं आहे त्यावरून काढायचं. ते पुढे केवढं होणार आहे, हा प्रश्न पुढच्या डब्याचा.

माप म्हणजे लेग स्पॅन. पाय पसरलेले असताना एका बाजूच्या पुढच्या पायाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंतचं तिरकं अंतर. त्यासाठी पिल्लाला हात लावायची अजिबात गरज नाही. ते पारदर्शक डबीच्या भिंतीवर बसलेलं असताना बाहेरून पट्टी धरली की झालं. विकत घेताना मात्र 'दीड सेंटिमीटर' म्हणजे पायांसकट की नुसतं धड, हे विचारून घ्या. दोन्हींत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो.

नवीन माणसाला सहसा सुचवली जाणारी मेक्सिकन रेड नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरी, आपण उदाहरणाला घेऊ. पूर्ण वाढलेली मादी १३-१४ सेंटिमीटरची होते आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकते, पण वाढ अगदी संथ. १ सेंटिमीटरचं पिल्लू आणलंत तर मोठी टाकी लागायला काही वर्षं जातील. अशा पिल्लाला पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुन्यासाठी देतात तसली पारदर्शक, फिरकीच्या झाकणाची डबी पुरते. नवी आणि कोरी घ्यायची, एवढंच. सर्वसाधारण हिशोब असा: तळाची लांबी लेग स्पॅनच्या तीन ते चार पट, रुंदी दोन ते तीन पट. अगदी लहान पिल्लाला थोडी जास्त जागा मिळाली तरी चालतं. चार सेंटिमीटरच्या ऐवजी सहा सेंटिमीटरची डबी झाली म्हणून काही बिघडत नाही. चाळीस सेंटिमीटरची झाली की बिघडतं.

मोठ्या टाकीत नेमकं काय चुकतं

'जंगलात काय डबा असतो का?' असा प्रश्न हमखास येतो. नसतो. पण एका अंडकोशातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात आणि त्यातली अगदी मोजकीच मोठी होतात. आपल्याकडे एकच असतं.

पहिली अडचण खाण्याची. हे पिल्लू भक्ष्यामागे लांबवर धावत नाही. बिळाच्या किंवा जाळ्याच्या तोंडाशी बसून पायांना जाणवणाऱ्या कंपनांची वाट बघतं. मोठ्या टाकीत टाकलेला रातकिडा ओंडक्याखाली दडतो, मीलवर्म (खाद्य म्हणून देतात ती अळी) तर काही मिनिटांत कोकोपीटमध्ये घुसतो. तुम्हाला वाटतं पिल्लानं खाल्लं. खरं तर ते उपाशी असतं आणि तो किडा आतच जिवंत असतो. पुढे पिल्लू कात टाकायला उताणं पडतं, अंग मऊ असतं, तेव्हा हाच किडा त्याला कुरतडू शकतो. छोट्या डबीत मेलेल्या रातकिड्याची तंगडी ठेवली तरी पिल्लू ती शोधून काढतं, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं चिमट्यानं उचलता येतं.

दुसरी अडचण ओलाव्याची, आणि ती जास्त घातक आहे. कोळ्याचे पाय बाहेरच्या बाजूला ताठ होतात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबानं, त्यासाठी वेगळे स्नायू नसतात. पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली मुडपले जातात. एवढ्याशा अंगातून पाणी उडून जायला वेळ लागत नाही. मोठ्या, वरून जाळीच्या टाकीत तुम्ही एका कोपऱ्यात शिंपडलेलं पाणी संध्याकाळपर्यंत गायब, आणि पिल्लू बसलेलं असतं दुसऱ्याच कोपऱ्यात. पाय मुडपून सुस्त बसलेलं दिसलं तर आधी ओलसर माती असलेल्या छोट्या डबीत हलवा आणि पाण्याचा एक थेंब त्याच्या तोंडाजवळ ठेवा. अंगावर पाणी फवारू नका.

विदर्भातल्या मे महिन्यात डबीतल्या मातीचा ओलावा रोज तपासावा लागतो. कूलरच्या थेट झोतात डबी ठेवली तर ती तासाभरात कोरडी पडते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उलट, वरून पाणी न घालताही काम भागतं आणि बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं. ऋतू कोणताही असो, उन्हात डबी ठेवायची नाही. एवढीशी हवा बघता बघता तापते.

उंचीची चूक

लांबी-रुंदीवर सगळे बोलतात, उंचीकडे दुर्लक्ष होतं. जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचं अंतर लेग स्पॅनच्या दीडपट, फार तर दुप्पट. १ सेंटिमीटरचं पिल्लू इतकं हलकं असतं की पडून त्याला सहसा काही होत नाही. पण चार-पाच सेंटिमीटरचं झालं, पोट भरलेलं असलं, की तेच पडणं जीव घेतं. टॅरांटुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची, द्रवानं भरलेली पिशवी. ती फाटली की आतला द्रव वाहून जातो आणि क्वचितच काही करता येतं.

टाकी उंच असेल तर ती फेकायची गरज नाही, माती वाढवा. कोकोपीट भिजवून घट्ट पिळा, थर देऊन हातानं दाबत या. ३० सेंटिमीटर उंच टाकीत ८ सेंटिमीटरच्या कोळ्यासाठी १५ ते १८ सेंटिमीटर माती भरली की उंची आटोक्यात येते आणि बीळ करायला खोलीही मिळते. पाण्याची वाटी, दगड यांच्या टोकदार कडा पडण्याच्या जागेखाली नकोत. जाळीचं झाकणही टाळाच. पायाच्या टोकाची बारीक नखं जाळीत अडकतात, आणि कोळी तिथेच लटकून राहतो किंवा पाय तुटतो.

झाडावर राहणाऱ्या जातींचं गणित वेगळं: त्यांना उंची हवी, उभं साल किंवा बांबूचा तुकडा हवा. त्यांतल्या ॲविक्युलेरिया गटातल्या पिल्लांना कोंदट, ओलीचिंब डबी अजिबात सोसत नाही. समोरासमोरच्या भिंतींना भोकं पाडून हवा आरपार खेळू द्या. पोइसिलोथेरिया या झाडावरच्याच दुसऱ्या गटातली पिल्लं मात्र लहानपणी अनेकदा मातीलगतच दडून राहतात, त्यामुळे त्यांनाही उंच डब्यात थोडी माती लागतेच.

पोइसिलोथेरिया रेगॅलिस हा तर आपल्याकडचाच, पश्चिम घाटातल्या झाडांच्या ढोलीत राहणारा कोळी. ट्रेकला दिसला म्हणून उचलून आणू नका, ही कळकळीची विनंती. ब्रॅकिपेल्मा आणि पोइसिलोथेरिया दोन्ही गट साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर ब्रॅकिपेल्मासारख्या विदेशी प्राण्यांची मालकाला नोंदणी करावी लागते. कागदपत्रांबद्दल विचारलं की टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून पिल्लू घेऊच नये.

भोकं

पिल्लू पळून गेलं, आता डबी बदलू, असं म्हणणाऱ्यांची डबी बहुतेक वेळा बरोबरच असते, हवेसाठी पाडलेली भोकं चुकलेली असतात. पोट दबून निघतं, अडतं ते डोकं-छातीवरचं कडक कवच. भोक त्या कवचापेक्षा लहान हवं. सुई तापवून आतून बाहेर टोचा, म्हणजे टोचरी कड बाहेरच्या बाजूला राहते.

डबी लहान पडू लागली, हे कसं ओळखायचं

दुसऱ्या टोकाची चूकही होतेच: तीन वेळा कात टाकली तरी पिल्लू त्याच डबीत. पाय पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात, वळायला जागा नाही, पाण्यासाठी वाटीसारखं वापरायचं छोटं झाकण ठेवायला जागा नाही, ही उघड लक्षणं. भिंतींवर सतत चढणं मात्र लगेच 'जागा कमी' असं समजू नका. माती फार ओली झाली तरी कोळी जमीन सोडून वर बसतो. आधी माती बोटानं दाबून बघा.

पोट टम्म, चकचकीत आणि गडद झालंय, खाणं बंद आहे, बिळाचं तोंड मातीनं लिंपलंय, तर कात जवळ आली आहे. तेव्हा हलवायचं नाही. कात टाकल्यावर सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. ते काळे होईपर्यंत थांबा. लहान पिल्लांना काही दिवस ते आठवडा लागतो, मोठ्यांना आणखी.

हलवताना जुनी डबी उघडी करून नव्या डब्यात आडवी ठेवायची आणि मागच्या पायाला मऊ ब्रश हलकेच टेकवायचा. पिल्लू आधी एक पाय उचलून चाचपतं, दोन पावलं सरकतं, आणि मग एकदम सुटतं, म्हणून हे सगळं बाथरूमचं दार लावून, एका मोठ्या टबमध्ये करावं. लेग स्पॅन दोन-तीन सेंटिमीटर झाला की पाव लिटरचा डबा, पाच सेंटिमीटरला लिटर-दोन लिटरचा, आणि त्यानंतर तुमची ती काचेची टाकी.

नव्या डब्यात गेल्यावर आठवडाभर ते बहुधा खाणार नाही, लपून बसेल किंवा सगळी माती उकरून एका बाजूला ढीग घालेल. त्याला काही करू नका. पाण्याचं झाकण भरलेलं ठेवा आणि पहिला रातकिडा आठवडाभरानं, रात्री, एकच सोडा.