राजकारणावर खूप दिवसांनी लिहायला बसताय? आधी एक पान तारखांचं करा

मी 2019 च्या शेवटी लिहिणं थांबवलं होतं, नोकरी घर यात राहूनच गेलं, आणि परत बसलो तेव्हा पहिल्याच वाक्यात अडकलो. "शिवसेनेने" असं लिहिलं आणि पेन थांबलं, कुठली शिवसेना?

म्हणून सांगतो, थेट मत लिहायला घेऊ नका. एक कोरं पान घ्या, डावीकडे तारीख आणि उजवीकडे काय झालं ते, बस. जून 2022 शिंदेंचं बंड, फेब्रुवारी 2023 ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं, ठाकरेंकडे मशाल. जुलै 2023 अजित पवार सरकारात, फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रवादीचं नाव आणि घड्याळ त्यांच्याकडे आणि शरद पवारांकडे तुतारी वाजवणारा माणूस. मग 2024 च्या दोन्ही निवडणुका, लोकसभेला महाविकास आघाडी 48 पैकी 30 आणि सहाच महिन्यांत विधानसभेला एकटा भाजप 288 पैकी 132, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा, लिहायचे विषय तिथूनच सुटायला लागतात.

जिल्ह्यांची बदललेली नावंपण तपासा, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर.

आणि जुने लेख प्लीज बदलू नका. मत बदललं असेल तर खाली आजची तारीख टाकून दोन ओळी जोडा, वाचणाऱ्याला तेव्हा काय वाटत होतं आणि आज काय वाटतंय ते दोन्ही दिसलं पाहिजे. माझे तर तीन लेख असे निघाले.