लग्नानंतर बीएड आणि एका पगारात घर: न आलेला पैसा हिशोबात धरू नका

लग्नानंतर बीएड करायचं ठरवलेल्या बऱ्याच जणी विचारायल्यात की ताई, घर कसं भागवलंत, म्हणून एकदाच नीट लिहिते. माझं बीएड लातूरला झालं. हे आडतीवर हिशोबाचं काम बघतात, एकच पगार, एक लेकरू, गावाकडे सासू-सासरे. सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप राउंड (सरकारी प्रवेश फेऱ्या), कागदपत्रं हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही. फक्त पैशाचं सांगते. अभ्यास झेपला नाही म्हणून बीएड सोडलेली मला कुणी भेटली नाही, पैशाच्या ओढाताणीत सोडलेल्या भेटल्या.

पहिलं म्हणजे जो पैसा हातात आलेला नाही तो महिन्याच्या हिशोबात धरायचाच नाही. आपल्याकडे सगळं "सोयाबीन निघालं की बघू" वर चालतं. माझे सासरेही मनापासून म्हणाले होते की दिवाळीच्या आधी तुझ्या फीचं बघतो. पण २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल आणि लातूरच्या मार्केटला भाव त्याच्या खालीच, आमचे हे तर रोज आडतीवर डोळ्यांनी बघत होते. त्यातून खता-बियाणांची उधारी, सोसायटीचं पीककर्ज, मळणीवाल्याचे पैसे गेले की सुनेच्या फीला काय उरणार? त्यात मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, काही दोष नाही. आम्ही ती रक्कम वहीत "येणार" म्हणून लिहिली होती एवढंच, आणि त्या भरवशावर दुसरी उधारी झाली.

आता शिष्यवृत्तीचं सांगते, आणि हे जरा लांबवून सांगते कारण आम्ही इथंच सगळ्यात जास्त अडकलो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखापर्यंत पाहिजे. लई चांगली योजना आहे, माझ्यासारखीला तर आधारच झाला. पण लोक "मुलींना शिक्षण फुकट" एवढंच ऐकतात. ॲडमिशन कॅपमधून पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं तर विसरा. आणि कॉलेजचे बाकीचे चार्जेस, पुस्तकं, जाणं-येणं हे सगळं तुमच्याच खिशातून.

महाडीबीटीतून, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून, जी काही रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते ती तुम्ही फॉर्मबरोबर ज्या पासबुकची झेरॉक्स जोडली तिथंच येईल असं धरून बसू नका. ती येते आधार सीडिंग ज्या खात्याला आहे तिथं. बँकेत आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं. सीडिंग म्हणजे आधारवरून येणारा सरकारी पैसा कोणत्या खात्यात जायचा त्याची नोंद. लिंक तुमच्या चार खात्यांना असू शकतं, सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, आणि दुसऱ्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरला की आधीचं आपोआप सुटतं. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीणसाठी गावोगाव बायकांनी पोस्टात खाती काढली, मी पण माहेरी गेले होते तेव्हा आईबरोबर काढलं, अंगठा दिला, झालं. सीडिंग तिकडं गेलं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. पुढे शिष्यवृत्तीचा हप्ता आला तो त्या पोस्टाच्या खात्यात. नंबर माहेरचा दिलेला, मेसेज भावाच्या मोबाईलवर, आणि तो शेतात. आम्ही इकडं रोज पोर्टल उघडून बघायलो, स्टेटसला पैसे गेले म्हणून दिसायलं आणि बँकेत काहीच नाही. तोवर घरभाडं थकलं, यांनी मालकाकडून उचल घेतली, त्यावरून घरात बोलाचाली झाली. पैसा आमचाच होता, पडून होता, आणि आम्ही उसनवारी करत होतो.

म्हणून ॲडमिशनच्या आठवड्यातच मायआधारच्या साइटवर लॉगिन करा, तिथं बँक सीडिंग स्टेटस म्हणून आहे. कोणत्या बँकेचं नाव येतंय आणि ॲक्टिव्ह दाखवतंय का ते बघा. खातं वापरातलं नसेल तर रोजच्या बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि थोड्या दिवसांनी परत चेक करा. नुसतं "हो मॅडम झालं" वर परत येऊ नका. मोबाईल नंबर स्वतःचाच द्या, भावाचा नाही, नवऱ्याचा पण नाही. एवढं केलं तर घाबरायचं कारण नाही, पैसा उशिरा येतो पण येतो.

बीएडचा खरा खर्च मात्र फीचा नसतोच. पाठटाचणाच्या (पाठ कसा शिकवायचा ते लिहायच्या) वह्या, तक्ते, कार्डशीट, स्केचपेन, प्रोजेक्टच्या प्रिंट, कॉलेजच्या रंगाची साडी, आंतरवासितेला (शाळेत जाऊन शिकवायच्या सरावाला) शाळा लांब मिळाली तर रोजचं रिक्षाभाडं. सराव पाठाच्या आदल्या रात्री दोनशे रुपये लागतात आणि ते मागायचा जीव होत नाही. त्यासाठी आम्ही पगाराच्या दिवशीच १,५०० रुपये माझ्या खात्यात वेगळे टाकायला लागलो. त्याचा हिशोब हे विचारणार नाहीत आणि मी त्यातून घरात काही आणणार नाही असं ठरलं. पगार १९ हजार होता तेव्हाची गोष्ट आहे, त्यामुळे "आम्हाला परवडत नाही" असं लगेच म्हणू नका. गावाकडचे दोन हजार पण बंद केले नाहीत. तेच बंद केले की सासूबाईंच्या मनात शिक्षणच वैरी होतं, हे माझं पक्कं मत आहे.

नवऱ्याला सांगायचं ते पगाराच्या दिवशी, जेवण झाल्यावर, वही समोर ठेवून. भांडणात काढायचं नाही. शिकणारीला सारखं वाटत राहतं की मी कमवत नाही म्हणून मी बोलू नये, आणि कमावणाऱ्याला वाटतं सगळं ओझं माझ्यावर. दोघंही गप्प बसतात आणि उधारी वाढते. वही शिकणाऱ्यानेच लिहावी. आमचे हे दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब लिहितात तरी घरची वही मीच लिहिली.

कर्जाचं थोडक्यात. मोबाईलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपला हात लावू नका, काही झालं तरी नाही. बचत गटातून दोन टक्क्यांनी मिळतं म्हणतात ते महिन्याला दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. अडीनडीला ठीक, फीसाठी नाही. मोठी रक्कम लागणारच असेल तर बँकेचं शैक्षणिक कर्ज, चार लाखापर्यंत तारण मागत नाहीत, हप्ता कोर्स संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं, जमेल तेवढं व्याज शिकतानाच भरत जा.

आणि मार्गदर्शन करणाऱ्या सरांच्या मागे पैसे घालवू नका. माझे खरे गुरू म्हणजे कॉलेजच्या ऑफिसातले शिष्यवृत्तीचे क्लार्क काका आणि एक वर्ष पुढची ताई. लेखी नोट्स फुकट दिल्या त्या तिनेच.

एक कडू गोष्ट सांगावीच लागते. बीएड झालं की लगेच नोकरी असं घरात कुणाला सांगू नका. पुढे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग टेट (शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी), मग पवित्र पोर्टल, जिथून शिक्षक भरती होते. टेट २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला आणि मग २०२५ ला. त्यामुळे घराचा हिशोब दोन वर्षांचा न मांडता पुढच्या वाट बघण्याचाही मांडा. मी दुसऱ्या वर्षापासून घरीच पाचवी ते सातवीच्या लेकरांची शिकवणी घेते, भाडं त्यातून निघतं. लातुरात हे जमतं, शिकवणीला पैसे द्यायची इथं सवय आहे. खोली बदलायची असेल तर मात्र जूनमध्ये बघू नका, नीटची पोरं येतात आणि ट्यूशन एरियाच्या आजूबाजूला भाडी चढतात.

उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, तेवढं लक्षात ठेवा. आमच्याकडे नवऱ्याच्या उत्पन्नाचा मागितला. एप्रिलमध्येच सेतूत जाऊन नवीन काढा, जूनमध्ये तिथं गर्दी पण असते आणि सर्व्हर पण डाउन असतो.