अमेरिकन फुटबॉलमध्ये प्ले कॉल करताय, म्हणजे पुढची चाल ठरवताय? मग निदान या चुका तरी टाळा

मी डॅलसजवळ आठवीतल्या पोरांच्या टॅकल (बॉलवाल्याला धरून पाडायच्या) टीमला पाच सीझन झाले मदत करतोय, आणि दर ऑगस्टला कुणीतरी नवा हौशी कोच येतो तो त्याच चुका घेऊन येतो.

सगळ्यात वाईट म्हणजे ढीगभर प्ले. दोन वर्षांपूर्वी एकाने इंटरनेटवरून सत्तर प्ले उतरवून पोरांच्या रिस्टबँडवर छापले, अक्षरं मुंगीएवढी. चौथा क्वार्टर, आम्ही 4 पॉइंटने मागे, थर्ड अँड 2 (चारातला तिसरा प्रयत्न म्हणजे डाऊन, आणि 2 यार्ड बाकी), नुसतं मधून घुसलं तरी फर्स्ट डाऊन, म्हणजे नवे चार प्रयत्न मिळत होते, पण याला रिव्हर्सच (एका बाजूला पळता पळता बॉल उलट्या बाजूला पळणाऱ्याला देणं) हवा होता! पाऊस चालू, क्वार्टरबॅक (चाल सुरू करून बॉल देणारा किंवा फेकणारा) अंगठ्याने प्लास्टिक पुसून नंबर शोधतोय, एक रिसीव्हर (पास झेलणारा) भलत्याच बाजूला उभा, तेवढ्यात डिले ऑफ गेम, म्हणजे वेळेत चाल सुरू न केल्याचा दंड, 5 यार्ड मागे. मग थर्ड अँड 7 ला पास कुणी न झेलता पडला आणि पंट करावा लागला, म्हणजे लाथेने बॉल लांब मारून समोरच्यांना द्यावा लागला. पोरगं बाहेर येऊन सॉरी म्हणालं तेव्हा फार वाईट वाटलं, त्याची काय चूक होती? माझ्याकडे 12 च प्ले असतात, आणि प्रत्येक रनला (बॉल घेऊन पळायच्या चालीला) त्याच फॉर्मेशनमधून (उभं राहायच्या रचनेतून) तसाच सुरू होणारा एक पास. लाइनबॅकर (समोरच्यांच्या बचावाची दुसरी फळी) रन बघून पुढे धावायला लागले की मगच तो काढायचा, घाई केली की जोडीतली गंमत जाते.

दुसरं, निकाल बघून कॉलला शिव्या घालणं. 2015 चा सुपर बोल (व्यावसायिक लीगची फायनल) घ्या. सीहॉक्स गोलरेषेपासून 1 यार्डवर, सेकंड डाऊन, 26 सेकंद, एकच टाइमआउट, बॉल घेऊन पळणाऱ्या लिंचला तो न देता पास टाकला आणि पेट्रियट्सच्या बटलरने तो पळवला, पेट्रियट्स 28-24 ने जिंकले. सगळे म्हणतात वेडेपणा. अहो, पण घड्याळ बघा ना! रन अडला की टाइमआउट जातो, पुढचाही अडला तर चौथ्या डाऊनला धावाधाव, पास पडला तर घड्याळ आपोआप थांबतं. पास बरोबरच होता, मला खटकतो तो गर्दीत मधे टाकलेला स्लँट (तिरका आत पळणाऱ्याला दिलेला पास). कोपऱ्याकडे टाकायचा, आपला नाहीतर कुणाचाच नाही असा.

फर्स्ट डाऊनला दरवेळी रन नको, समोरचे दुसऱ्या ड्राइव्हलाच (आपल्याकडे बॉल आल्याच्या दुसऱ्या खेपेलाच) ओळखतात.

फोर्टीनाइनर्स टीमचे कोच बिल वॉल्श सुरुवातीचे प्ले आधीच लिहून ठेवायचे. मीही आदल्या रात्री पहिले 6 लिहितो, आणि खाली क्वार्टरबॅकला विचारून त्याच्या आवडीचे 3. अडचणीच्या थर्ड डाऊनला त्यातलाच एक.