धनुष्यबाणाचा इतिहास सांगताना या चुका टाळा

पेठकडून आणलेला बांबूचा तीरकामठा मी हौसेने दोरी चढवूनच हॉलमध्ये टांगला. नाशिकचा पावसाळा सरला. दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी खाली काढला आणि सहज बाण लावून पाहिला, तर तो चार हातांवर जाऊन पडला. दोरी उतरवली तरी कामठा वाकलेलाच! ताणून ठेवलेल्या बांबूतला जोर केव्हाच गेला होता.

इतिहास सांगतानाही नेमकी हीच चूक होते. चित्रात, नाटकात धनुष्य कायम ताणलेलं. प्रत्यक्षात शिकारी असो की सैनिक, काम झालं की दोरी उतरवायची. (घरी असेल तर आजच उतरवा. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडू नका. बाणाला मिळायचा जोर दांड्यातच राहतो आणि दांडा तडकतो.)

दुसरी चूक, सगळी धनुष्यं एकाच मापाने मोजायची. मध्य आशियातल्या घोडेस्वारांचं धनुष्य आखूड पण जबर: मध्ये लाकूड, पोटाला (म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूला) शिंग, पाठीला (म्हणजे समोरच्या बाजूला) जनावराचे स्नायुतंतू, सगळं सरसाने चिकटवलेलं. सरस ओल धरतो, त्यामुळे आपल्या पावसात ते सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. भिल्लांनी बांबू धरला, दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची. त्याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी एक आषाढ सुरगाण्यात काढावा. पावसाने मोठमोठ्यांचीही फजिती केली आहे. इ.स.पू. 326 मध्ये झेलमकाठी सिकंदराशी लढताना पोरस राजाचे धनुर्धारी लांबलचक धनुष्य जमिनीवर टेकवून बाण सोडत. चिखलात ते निसटू लागलं, असं रोमन इतिहासकार कर्टियस लिहितो.

शिकारीचा आणि लढाईचा बाणही एक नव्हे. शिकारीला रुंद, धारदार पातं, म्हणजे रक्त वाहून जनावर लवकर पडतं. कडीचं चिलखत भेदायला मात्र अरुंद, टोकदार फाळ.

जुनं धनुष्य सापडलं नाही म्हणून ते नव्हतंच, असंही म्हणू नका. लाकूड कुजतं, दगड टिकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुदू गुहेतली सुमारे 64,000 वर्षांपूर्वीची दगडी टोकं बाणांची असावीत, असं संशोधक मानतात.

बंदूक आली आणि धनुष्य संपलं, हेही खरं नाही. 1526 साली पानिपतावर बाबराकडे तोफा होत्या, तरी बाजूंनी वळसा घालून बाण मारणारे स्वार होतेच.

आणि नाशिककरांची खास चूक: धनुष्य म्हटलं की पंचवटीतला राम सांगायचा आणि थांबायचं. पांडवलेण्यातल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला, ‘एकधनुधर’ म्हटलंय, म्हणजे अद्वितीय धनुर्धर. त्याने पराभव केलेल्या नहपान या क्षत्रप राजाच्या चांदीच्या नाण्यांवर बाण आणि वज्र आहे. 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात अशी तेरा हजारांवर नाणी निघाली. बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला, तरी काहींवर खालची जुनी छाप अजून डोकावते.