घरच्या कॅसेटमधला आवाज संगणकावर कसा उतरवून घ्यावा

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेली छोटी कॅसेट आपल्याकडे खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचली ती १९८०च्या दशकात, आणि त्यात आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी सुट्टीवर येताना आणलेल्या टू-इन-वनचा, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेल्या यंत्राचा, मोठा वाटा होता. टेपरेकॉर्डर घरात आला की विकतच्या कॅसेटींवर समाधान होत नसे. दुकानात यादी देऊन गाणी भरून घेतली जात, आकाशवाणीवरचे आवडते कार्यक्रम टिपले जात, आणि एखाद्या मंगळागौरीला किंवा निवांत दुपारी घरातल्याच माणसांना यंत्रासमोर बसवले जाई. विकतचे बरेचसे संगीत आज दुसरीकडे मिळते, पण आजीने म्हटलेल्या ओव्या ज्या एकाच कॅसेटवर आहेत त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. म्हणून माळ्यावरचे खोके खाली काढल्यावर सर्वांत आधी या घरगुती कॅसेटी वेगळ्या कराव्यात आणि आपला वेळ व शक्ती प्रथम त्यांनाच द्यावी.

वेगळी केलेली प्रत्येक कॅसेट हातात घेऊन तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत आहेत का ते पाहावे, आणि असल्यास ते मोडून टाकावेत, म्हणजे चुकून ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले गेले तरी जुना आवाज पुसला जाणार नाही. त्यानंतर खिडकीतून फीत निरखावी. आपल्या दमट पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट तशीच वाजवली तर बुरशी हेडवर, म्हणजे यंत्रात फितीला टेकून आवाज वाचणाऱ्या भागावर, आणि तिथून पुढच्या कॅसेटींवर जाते. ती बाजूला ठेवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात काही दिवस कोरडी होऊ द्यावी आणि सर्वांत शेवटी हाताळावी. फितीला मागून हेडवर दाबून धरणारा इवलासा नमद्याचा तुकडा गळून पडला असेल, तर आवाज क्षीण आणि तुटक येतो. स्क्रूने जोडलेली कॅसेट उघडून दोन्ही चकत्या फितीसकट दुसऱ्या चांगल्या कवचात ठेवता येतात, आणि चिकटवून बंद केलेली असेल तर सांध्यात पाते घालून ती जपून उघडावी लागते. तुटलेली फीत जोडायला साधा सेलोटेप कधीही वापरू नये, कारण त्याचा गोंद कालांतराने पाझरून शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवतो. त्यासाठी फीत जोडण्याची खास पट्टी मिळते.

यंत्राच्या बाबतीत माझा आग्रह आहे की थेट संगणकाला जोडता येणाऱ्या स्वस्त, खेळण्यासारख्या प्लेअरपेक्षा जुना चांगला डेक, म्हणजे स्पीकर नसलेले, दुसऱ्या यंत्राला जोडायचे कॅसेटयंत्र, मिळवावा आणि दुरुस्त करून घ्यावा. बहुतेक वेळा त्याचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, त्यामुळे सूर लांबतो आणि डुलतो. पट्टा बदलला की यंत्र पुन्हा नीट चालते. हेड आणि त्याशेजारची धातूची दांडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसावी, रबरी रोलर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने. वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे फिरवून घ्यावी, म्हणजे वेढ्यांचा ताण सारखा होतो आणि फीत यंत्रात गुंतण्याचा धोका कमी होतो.

आता ज्या गोष्टीकडे जवळपास सगळ्यांचे दुर्लक्ष होते ती सांगतो: हेडचा कोन. कॅसेटची फीत सेकंदाला केवळ ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते, त्यामुळे १०,००० हर्ट्झच्या सुराची एक लहर फितीवर पाच मायक्रॉनपेक्षाही कमी जागेत मावलेली असते, आणि वाजवणाऱ्या हेडचा कोन मुद्रण करणाऱ्या हेडच्या कोनाशी किंचितही जुळला नाही तर असे बारीक सूर आपोआप नाहीसे होतात. घरगुती कॅसेट ज्या टेपरेकॉर्डरवर भरली गेली त्याचा कोन त्याचा स्वतःचाच असतो. हेडच्या दोन बाजूंना असलेल्या स्क्रूंपैकी ज्याखाली स्प्रिंग असते, तो फीत वाजत असताना अगदी थोडा थोडा फिरवून पाहावा. एका ठिकाणी बांगड्यांचा किणकिणाट आणि ‘स’, ‘श’ ही व्यंजने अचानक स्वच्छ ऐकू येतात, आणि तीच योग्य जागा. स्क्रूची मूळ स्थिती आधी खुणेने नोंदवून ठेवावी. यानंतरच्या कोणत्याही टप्प्यावर कितीही सुधारणा केली तरी इथे गमावलेला आवाज परत मिळत नाही.

डेकच्या लाइन-आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, आवाज संगणकात नेण्यासाठी यूएसबीला जोडायचे, लाइन-इन (तो आवाज आत घेणारी जोडणी) असलेले ध्वनिसाधन घ्यावे, कारण लॅपटॉपच्या मायक्रोफोनच्या छिद्रात हा जोर फार होतो आणि आवाज फाटतो. ऑडॅसिटी हा विनामूल्य प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी, आणि ४८,००० हर्ट्झ, २४ बिट अशा मापाची वेव्ह फाइल बनवावी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी जागा लागते, जी आज मुळीच जास्त नाही. मूळ मुद्रण डॉल्बीविना, म्हणजे फितीची खरखर कमी करणाऱ्या त्या पद्धतीविना, केलेले असेल, आणि घरगुती मुद्रण बहुधा तसेच असते, तर डेकवरचे डॉल्बीचे बटण बंद ठेवावे. नंतर एमपी३ हवी तेवढी करता येईल, पण ती मूळ फाइलची जागा घेऊ शकत नाही.

खरखर काढून टाकण्याचा मोह या वेळी होतोच. मी आईच्या एका कॅसेटवर हा प्रयोग केला आणि खरखरीबरोबर मागच्या स्वयंपाकघरातली स्टोव्हची फरफरही निघून गेली. गाणे स्वच्छ झाले, पण ते आमच्या घरातले राहिले नाही. सुदैवाने मूळ फाइल मी वेगळी ठेवली होती. तेव्हापासून काहीही साफ करायचे असल्यास ते प्रतीवरच करावे, मूळ उतारा जसा आला तसाच जपावा, आणि त्याच्या किमान तीन प्रती ठेवून त्यांतील एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे द्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

फाइल तयार झाली की कॅसेटच्या वेष्टनावरच्या हस्ताक्षराचे छायाचित्र काढून तिच्याशेजारी ठेवावे, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत बसवून पूर्ण मुद्रण ऐकावे. कितव्या मिनिटाला कोण बोलते, कोणती ओवी कोणाची, मागे रडणारे मूल कोणाचे, हे विचारून तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यावे. आमच्या मंगळागौरीच्या कॅसेटवरचा एक आवाज कोणालाच ओळखू येत नव्हता, तो मोठ्या मावशीने गाणे सुरू होण्यापूर्वीच्या खाकरण्यावरून ओळखला.